पिल्लूच तर आहे!

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक गृहस्थ आले होते. सोबत सहा वर्षांचा मुलगा. सर्दी-खोकल्याचे औषध घेऊन ते उठले आणि दारापाशी गेल्यावर सहज आठवल्यासारखे म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे पिल्लू आणलंय. परवा याच्या हाताला जरा दात लागला. पण पिल्लूच तर आहे, दोन महिन्यांचं. काही करायला नको ना?"

मी त्यांना परत बसवले आणि मुलाचा हात पाहिला. पुढे जे करायला हवे होते ते त्याच दिवशी सुरू झाले. परंतु ते वाक्य काही माझ्या डोक्यातून गेले नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः माझ्या घरात उच्चारलेले आहे, आणि मी तर डॉक्टर आहे.

वाचकहो, आपल्या येवल्यात कुत्रे नवे नाही. जुन्या पेठांत प्रत्येक गल्लीचे एक कुत्रे असे. ओट्यावरून त्याला भाकरीचा तुकडा पडे, रात्री ते गल्ली राखी आणि घरात मात्र त्याचे पाऊल नसे. आता गावात चार मजली इमारती झाल्या. ओटा गेला, अंगण गेले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुले एकटी पडली आणि त्यांच्या सोबतीला पिल्लू आले. ते मुलांच्या अंथरुणात झोपते, ताटात तोंड घालते. यात वाईट काहीच नाही. मुले प्राण्यांच्या सोबतीने माया शिकतात. मात्र गल्लीतल्या कुत्र्यापासून आपण जे अंतर राखत होतो ते आता राहिलेले नाही. त्या अंतराचे काम आता लस, जंताचे औषध आणि थोडी शिस्त यांनी करायचे आहे.

आमच्या घरातली गोष्ट

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या आधी, माझ्या मुलाने नातीसाठी बाहेरगावाहून एक पिल्लू आणले. रस्त्याच्या कडेला टोपलीत घेऊन बसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेले. "दीड महिन्याचं आहे, सगळ्या लशी झाल्यात," असे त्याने सांगितले होते. कागद मात्र एकही दिला नव्हता. पिल्लाला नीट चालता येत नव्हते, दूध पिण्यासाठी ते अजून आईचे अंग शोधावे तसे तोंड फिरवीत होते. ते महिन्याचे तरी होते की नाही, याचीच मला शंका आली. पशुवैद्यांकडे केव्हा न्यायचे, असे सूनबाईंनी विचारले. मी म्हणालो, "पिल्लूच तर आहे. जरा रुळू द्या, मग नेऊ."

रविवारी आलेले ते पिल्लू शुक्रवारी मलूल झाले. खाणे सोडले, वांत्या सुरू झाल्या. शनिवारी रक्ताचे, अतिशय दुर्गंधीचे जुलाब होऊ लागले. तेव्हा पशुवैद्यांकडे धावलो. त्यांनी पाहताक्षणीच पार्व्हो म्हणून सांगितले, सलाइन लावले, शर्थ केली. रविवारी रात्री ते गेले. सोमवारी पहाटे, नात उठायच्या आत, मी आणि मुलाने इमारतीमागच्या मोकळ्या जागेत त्याला पुरले.

सोमवारी रात्री नात माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, मोत्या मला चावला होता. बुधवारी." मनगटावरची रिबीन तिने सोडली. दोन बारीक खपल्या होत्या. रक्त आले होते का, असे विचारले. "थोडंसं," म्हणाली. सांगितले का नाहीस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याला परत देऊन टाकलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पिल्लू पार्व्होनेच गेले असणार, हे पशुवैद्यही सांगत होते आणि मलाही पटत होते. पण त्याला रेबीज नव्हताच, असे कागदावर लिहून द्यायला कोणी सांगितले असते तर मी सही करू शकलो नसतो. जनावराला रेबीज होता की नाही याची खात्री त्याच्या मेंदूच्या तपासणीनेच होते, आणि ते मी सकाळीच मातीआड केले होते. त्याची आई कोण, ती कशी होती, कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला रुग्णालयात नेले. खपल्यांभोवती सीरमचे इंजेक्शन आणि दंडात लशीचा पहिला डोस. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे डोस. ती ओठ दाबून बसायची, रडली नाही. मीच कॅलेंडरवर रोज एक रेघ मारीत होतो. ती आज ठणठणीत आहे. परंतु ते अठ्ठावीस दिवस टाळता आले असते, हे मी कधी विसरणार नाही.

लहान पिल्लाला रेबीज होतो का?

होतो. पुष्कळांचा असा समज असतो की पिसाळणे हा मोठ्या कुत्र्याचा रोग आहे. प्रत्यक्षात रेबीजचे विषाणू पिल्लाचे वय पाहत नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेले पिल्लू आठवडे किंवा महिनाभर वरून चांगले दिसू शकते. शिवाय पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणजे ज्या वयात आपण त्याला निर्धास्तपणे हातात घेतो, त्याच वयात त्याला या लशीचे संरक्षण नसते. शिवाय याच वयात ते दिसेल ते चावून पाहते. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून नवे येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात. सुईसारखे ते २८ दात मुलांच्या बोटांना कधी लागतील सांगता येत नाही.

शिकत असताना मी रेबीजचा एक रुग्ण पाहिला होता. तरुण माणूस, शुद्धीवर, विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा. त्याला तहान लागली होती. पाण्याचा पेला ओठांजवळ नेला की घशाचे स्नायू आवळून तो तडफडे. पंख्याची झुळूकही सहन होईना. महिन्यापूर्वी कुत्र्याचा दात लागल्याचे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र वेळेवर घेतली तर रोग टाळता येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस टोचली आणि तो मुलगा वाचला. तेव्हापासून ही वाट माणसाला मोकळी झालेली आहे. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने जातात आणि त्यांतील ३६ टक्के भारतातील असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात नोंद होणाऱ्या रुग्णांत ३० ते ६० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. याचे संघटनेने दिलेले कारण प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे. मुलांना झालेले चावे पुष्कळदा घरच्यांच्या लक्षातच येत नाहीत आणि मुले ते सांगत नाहीत.

दात लागला तर

पहिली गोष्ट, साबण आणि वाहते पाणी. नळाखाली धरून जखम पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावी. विषाणूचे वरचे आवरण साबणाने नष्ट होते. हा उपाय फुकटचा आहे आणि सर्वात जास्त दुर्लक्षित तोच आहे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. जखमेवर तिखट, चुना, हळद, तेल, कॉफीची पूड यांपैकी काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. कोणी सात विहिरींत डोकावून यायला सांगतो, कोणी झाडपाल्याचा उतारा देतो. त्यात जाणारा प्रत्येक दिवस विषाणूच्या पथ्यावर पडतो.

मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेचे तीन वर्ग मानतात. धडधाकट कातडीवर कुत्र्याने नुसते चाटले असेल तर पहिला वर्ग. धुवावे, लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा किंवा दाताचा व्रण असेल तर दुसरा. यात लस हवी. रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्यांना, तोंडाच्या आतील भागाला लाळ लागली असेल तर तिसरा. यात लशीबरोबर जखमेत व जखमेभोवती सीरम टोचावे लागते. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तेवढ्या दिवसांत सीरम राखण करते. कोणता वर्ग आहे हे ठरवण्याचे काम आपण घरी करू नये.

"पोटात चौदा इंजेक्शने" ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडात, अगदी लहान मुलांना मांडीत, चार ते पाच वेळा घ्यायची असते. काही ठिकाणी ती कातडीच्या आत थोड्या प्रमाणात देतात. दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते.

आणखी एक नियम पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. चावल्यानंतर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, हे खरे. पण त्यासाठी लस थांबवायची नसते. लस त्याच दिवशी सुरू करावी. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. कुत्रे त्या दहा दिवसांत मेले, पळाले किंवा कोणाला देऊन टाकले, तर पूर्ण कोर्स घ्यायचा. आमच्या मोत्याच्या बाबतीत हेच घडले. आणि चावून पाच दिवस झाले, पंधरा दिवस झाले, म्हणून आता काय उपयोग, असेही कोणी म्हणू नये. लक्षात येईल त्या दिवशी जावे.

घरात कुत्रे असेल तर मुलांना आधीच लस देऊन ठेवण्याची सोय आहे. ती घेतली असेल तर पुढे दात लागल्यास दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांना याविषयी जरूर विचारावे.

पिल्लाच्या लशी आणि चिकाचे दूध

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. आईचे दूध, भावंडांशी मस्ती, चावले की समोरच्याला दुखते हा धडा, हे सारे त्याला तिथेच मिळते. शक्य असेल तर त्याची आई डोळ्यांनी पाहून मगच पिल्लू घ्यावे. तिला लशी झाल्या आहेत का ते विचारावे. "सगळ्या लशी झाल्यात" या शब्दांना कार्डाशिवाय अर्थ नाही. कार्डावर तारीख, लशीच्या बाटलीची चिकटपट्टी आणि पशुवैद्यांची सही असते.

पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा मोठा शत्रू ठरला. पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा देतात. "एकच लस इतक्या वेळा कशाला, पैसे काढायला का?" असे लोक विचारतात. त्याचे कारण आपल्या खरवसात आहे. गाय व्यायली की पहिले काही दिवस जे चिकाचे दूध निघते, त्यात वासराला रोगांपासून राखणारी द्रव्ये असतात. कुत्रीच्या पहिल्या दुधातही ती असतात आणि पिल्लाला काही आठवडे जपतात. पण हीच द्रव्ये लशीलाही निकामी करतात. ती कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्याला संपतील, कोणत्या पिल्लात चौदाव्या, हे बाहेरून कळत नाही. म्हणून लस टप्प्याटप्प्याने देतात, म्हणजे एखादा तरी डोस अचूक वेळी लागू पडतो. मधला डोस चुकवणे म्हणजे दार उघडे ठेवून झोपणे. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी.

लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, इतर कुत्र्यांच्या विष्ठेपाशी हुंगू देऊ नये. पण त्याला खोलीत कोंडूनही ठेवू नये. तीन ते बारा-चौदा आठवडे हे पिल्लाचे जग ओळखण्याचे वय. कडेवर घेऊन त्याला रिक्षा, बाजार, कुकरची शिट्टी, शेजारच्या मागाची खटखट, दाढीवाले आजोबा, हेल्मेटवाला माणूस, सारे दाखवावे. या वयात जे ओळखीचे होत नाही त्याला कुत्रे पुढे घाबरते, आणि घाबरलेले कुत्रे चावते.

ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले असेल तिथे विषाणू महिनोन्महिने टिकतो. नुसत्या साबणाने तो मरत नाही. फरशी आधी स्वच्छ धुवून मग ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावी, आणि लशी पूर्ण न झालेले नवे पिल्लू घाईने आणू नये.

जंत : पिल्लाचे आणि मुलांचे

गोल जंत बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातूनच मिळतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्यांकडूनच घ्यावी. या जंतांची अंडी विष्ठेतून जमिनीत पडली की दोन-चार आठवड्यांत संसर्गजन्य होतात. मुलांच्या पोटात गेली तर यकृताला, क्वचित डोळ्यालाही इजा करतात. आपल्याकडे प्रत्येक नव्या इमारतीखाली बांधकामाच्या वाळूचा ढीग असतो. दिवसा मुले त्यावर खेळतात, रात्री कुत्री तिथेच बसतात. पिल्लाची घाण त्याच दिवशी कागदात उचलून टाकावी आणि मुलांनी जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. एवढ्याने बहुतेक धोका टळतो.

चार भिंतींतले दिवस

शू-शी शिकवण्यासाठी मारू नये, आणि नाक घाणीत घासण्याची जुनी पद्धत तर मुळीच वापरू नये. त्याने पिल्लू लपून घाण करायला शिकते. झोपून उठले, खाल्ले, खेळले की लगेच ठरलेल्या कोपऱ्यात न्यावे, झाले की शाबासकी द्यावी. दोन महिन्यांचे पिल्लू जेमतेम दोन-तीन तास थांबू शकते. कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरावे. हे सदर वाचून झाल्यावर अंथरलेत तरी माझी हरकत नाही.

खाणे तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा. अंडे, उकडलेले मांस, भात, भाकरी, दही, उकडलेला लाल भोपळा चालतो. गाई-म्हशीचे दूध भरपूर पाजले तर जुलाब होतात. शिजवलेल्या हाडांच्या काचेसारख्या चिरफळ्या होऊन आतडे फाटते, म्हणून ती देऊ नयेत. शाकाहारी घरांनी नुसत्या दूध-पोळीवर पिल्लू वाढवू नये, त्याला प्रथिने कशी पुरवायची ते विचारून घ्यावे.

आता आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. नाशिक जिल्हा कांदा आणि द्राक्षे यांसाठी ओळखला जातो, आणि ही दोन्ही कुत्र्याला विषासमान आहेत. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कच्चा असो वा शिजलेला, परिणाम तोच. म्हणजे आपल्या घरचा उरलेला रस्सा, पिठले, पुलाव बाद झाले. द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती दाण्यांनी होतील याचा नेम नाही. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, तो माया म्हणून भरवू नये. चॉकलेट आणि बिनसाखरेचे च्युइंगमही दूर ठेवावे. माणसांच्या ताप-दुखीच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

उन्हाळ्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येऊन गारवा मिळत नाही. धापा टाकून ते अंग थंड करते. चैत्र-वैशाखात फिरवणे पहाटे आणि रात्रीच. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. बसक्या नाकाच्या आणि दाट केसांच्या जातींना आपला उन्हाळा फार जड जातो. पिल्लू निवडताना जाहिरातीपेक्षा आपल्या हवेचा विचार करावा.

आणि आपली संक्रांत! भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आपल्या गच्च्या ओसंडतात. तुटलेला मांजा जिन्यात, बाल्कनीत लोंबतो आणि पंजाला किंवा जिभेला कापतो. गोंगाटाने बिथरलेले पिल्लू गच्चीवरून उडी मारू शकते. त्या तीन दिवसांत त्याला आतल्या खोलीत ठेवावे. एरवीही बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचे डोके जाईल एवढी फट असेल तर जाळी बसवावी.

शेजारधर्मही पाळावा. सोसायटीने पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू नये, असे केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने मार्गदर्शनात म्हटलेले आहे. पण हक्कासोबत साखळी धरणे, जिना स्वच्छ ठेवणे आणि लशीचे कार्ड शेजाऱ्यांनी मागितल्यास दाखवणे ही कर्तव्ये येतात. वर्गणीसारखी ही गोष्ट सर्वांनी मिळून केली तर किती फळ मिळते ते गोव्यात दिसले. तिथे काही वर्षे सातत्याने कुत्र्यांचे लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले. त्याआधीची तीन वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता.

मुलांना काय सांगावे

पिल्लू खात असताना किंवा झोपले असताना त्याला हात लावू नये. त्याच्याशी हाताने झोंबाझोंबी खेळू नये, चावायला गाठ मारलेले फडके द्यावे. दात लागला की खेळ तिथेच थांबवून उठून जावे, म्हणजे पिल्लालाही कळते. पाच वर्षांखालील मूल आणि कुत्रे यांना एकट्याने एका खोलीत ठेवू नये.

पण सर्वात महत्त्वाची गोष्ट पिल्लू घरात येण्याच्या आदल्या दिवशीच सांगावी. "तुला दात लागला, ओरखडा उठला, तर लगेच सांगायचं. सांगितलंस म्हणून पिल्लाला कोणी मारणार नाही आणि परतही देणार नाही." हे वचन द्यावे आणि पाळावे. माझी नात खोटे बोलली नव्हती. तिने तिच्या मोत्याला वाचवण्यासाठी मौन धरले होते. आम्ही मोठ्यांनी तिला तसे वचन दिलेच नव्हते.

त्या जूननंतर वर्षभर आमच्याकडे कुत्र्याचा विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीला अंदरसूलकडच्या एका मळ्यातून आम्ही गावठी जातीचे एक पिल्लू आणले. त्याची आई मळ्यात पाहिली, तिचे लशींचे कार्ड पाहिले. पिल्लू नऊ आठवड्यांचे होते. घरी येताना वाटेतच पशुवैद्यांकडे नेले. सारखी स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून नातीने तिचे नाव ठेवले आसारी. नातीलाही आम्ही आधीची लस देऊन घेतली.

पहिल्याच महिन्यात एक दिवस दवाखान्यातून घरी आलो तर नात नळाखाली हात धरून उभी होती. समोर घड्याळ ठेवलेले. मला पाहून म्हणाली, "आजोबा, आसारीचा दात लागला. अजून सहा मिनिटं राहिलीत." मी शेजारी उभा राहिलो. सहा मिनिटे झाल्यावर आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. आसारी दारात बसून आमची वाट पाहत होती.